दोन तास पुढे

मॉनिटरवर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली. ‘सही पटत नाही. अपडेट नाकारलं आहे.’

फरीदा मुलाणी घराच्या पुढच्या सोप्यात मांडी घालून बसली होती. समोर जाजमावर श्रेणिकअण्णा मगदूम उताणे पडले होते, सदरा छातीपर्यंत वर घेतलेला. त्यांच्या बेंबीशेजारी काड्यापेटीएवढा इन्सुलिनचा पंप चिकटवलेला होता. त्याचा हिरवा दिवा उघडमीट करत होता. पंपाचा मॉनिटर, तळहाताएवढा डबा, फरीदाच्या मांडीवर होता.

“काय म्हणतोय?” अण्णांनी छताकडे बघतच विचारलं.

“गाडी फलाटाला लागंना, अण्णा. कागद बरोबर नाहीत म्हणतोय.”

“माझ्या वेळी असतं तर शिट्टी मारून लावली असती.”

“तुमच्या वेळी ड्रायव्हर होता की. आता गाडीच ठरवती कुठं लागायचं ते.”

अण्णा हसले, तसा पंपही पोटावर हलला. सारी नोकरी त्यांनी जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत काढली होती. आता स्टँडवर ती खुर्ची नव्हती, ड्रायव्हर नव्हते, गाड्या आपल्या आपण सुटत होत्या. तरी गाव त्यांना अजून कंट्रोलरच म्हणायचं आणि मनगटावरचं जुनं काट्यांचं घड्याळ त्यांनी अजून उतरवलं नव्हतं.

राजमतीकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाणी गाळायचं अर्धवट सोडून आल्या होत्या, ओलं कापडी गाळणं हातातच होतं.

फरीदानं करायचं ते सगळं करून बघितलं होतं. पंप बंद करून चालू केला. अपडेटची फाइल पुसून नव्यानं उतरवली, कारण उतरताना तिचा एखादा तुकडा गळाला तरी सही पटत नाही. मॉनिटरमधली जागा तपासली. गळ्यातली किल्ली, म्हणजे कंपनीनं प्रत्येक मेकॅनिकला दिलेली बिल्ल्यासारखी चपटी चिप, ओढणीच्या टोकानं पुसून पुन्हा टेकवली. शेवटी मॉनिटरवरचं घड्याळ तिनं आपल्या फोनशी ताडून बघितलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

“काकू, घड्याळाला कुणी हात नव्हता न्हवं लावला? मधे कधी?”

काकूंच्या मुठीत गाळणं पिळलं गेलं. फरशीवर पाणी ठिबकलं.

“नाही गं बाई,” त्या हळू म्हणाल्या. “आम्हाला काय कळतंय त्यातलं.”

अण्णांनी सदरा खाली ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उठून बसले.

“मग माझंच कुठंतरी चुकतंय,” फरीदा म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

सही म्हणजे काय, हे पंप बसवला त्या दिवाळीत फरीदानंच काकूंना समजावून सांगितलं होतं. पंपाचा मेंदू म्हणजे एक प्रोग्रॅम. कंपनी तो अधूनमधून सुधारून पाठवते. पण पाठवलेला प्रोग्रॅम कंपनीचाच आहे, वाटेत कुणी त्यात विष कालवलेलं नाही, हे पंपाला कळायचं कसं? त्यासाठी कंपनी सगळा प्रोग्रॅम एका गणिताच्या चक्कीतून काढते. बाहेर पडतो तो एक आकडा, त्या प्रोग्रॅमचा अर्क. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी अर्क बदलतो. त्या अर्काला कंपनी आपल्या गुप्त किल्लीनं कुलूप घालते, ती झाली सही. ते कुलूप उघडणारी जोडकिल्ली प्रत्येक पंपात असते. पंप कुलूप उघडतो, आतला अर्क आणि आपण स्वतः काढलेला अर्क शेजारी ठेवून बघतो. दोन्ही एकच असले तर पाहुण्याला घरात घेतो, नाहीतर दारातूनच परत पाठवतो.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. मग दूरच्या एका देशात चोरांनी जुन्यापुराण्या सह्या पुन्हा वापरून हजारो पंपांत आपला प्रोग्रॅम घुसवला आणि माणसांच्या पोटावरची यंत्रं ओलीस धरली. त्यानंतर नियम कडक झाले. आता दोन सह्या लागतात, एक कंपनीची आणि एक समोर बसलेल्या मेकॅनिकची. आणि सही केल्यापासून ती पाऊण तासच चालते. त्यापुढे ती शिळी.

हे शेवटचं काकूंना फार पटलं होतं. “म्हणजे गाळलेल्या पाण्यासारखंच की,” त्या म्हणाल्या होत्या. “दोन घटका झाल्या की पुन्हा गाळायचं.” त्यांच्या घरात सगळ्याच गोष्टींना मर्यादा होती. गाळलेल्या पाण्याची वेगळी, उकळलेल्या पाण्याची वेगळी, पिठाची उन्हाळ्यातली वेगळी आणि पावसाळ्यातली वेगळी. मर्यादा संपली की ती वस्तू पोटात जायची नाही.

“काकू, तुम्ही कंपनीत पाहिजे होता,” फरीदा तेव्हा हसली होती.

काकू रोज सकाळी जैन मंदिरात दर्शन झालं की दिवसाचा नियम घ्यायच्या. आज मीठ सोडलं, उद्या तूप. हे छोटे नियम रोजचे, बदलणारे. एकच नियम जन्माचा होता, माताजींच्या, म्हणजे साध्वींच्या, समोर हात जोडून घेतलेला. सूर्य बुडाल्यावर अन्नपाणी नाही. स्वतः खायचं नाही, कुणाला खाऊ घालायचं नाही, खाणाऱ्याला बरं केलंस म्हणायचं नाही. दिवस मावळला की गॅसचा कॉक बंद आणि स्वयंपाकघराचा दिवाही बंद. अण्णांची नोकरीची वर्षं स्टँडवरच्या चहावड्यावर गेली होती, पण निवृत्त झाल्यावर तेही मुकाट्यानं ह्या वेळापत्रकात बसले होते.

पंप आला आणि गाडं अडलं. वयस्कर माणसाची साखर झोपेत उतरू नये म्हणून रात्री आठला पोटात काहीतरी जायलाच हवं, असं त्यात बसवलेलं होतं. कपभर दूध, अर्धी भाकरी, काहीही. खाल्लं की मॉनिटरवर ‘हो’ दाबायचं. नाही दाबलं तर भोंगा वाजणार, आणि तरीही नाही दाबलं तर पुण्यात सन्मतीला, म्हणजे मुलाला, फोन जाणार. तो फोन दोनदा गेला.

“आई, तुझा धर्म तुझ्यापाशी ठेव,” सन्मती म्हणाला. “बाबांचं खाणं बंद करू नकोस.”

काकू भांडल्या नाहीत. भांडण हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी आपल्यापरीनं मार्ग काढला. बॅटरी बदलल्यावर घड्याळ हातानं कसं लावायचं, हे फरीदानं दाखवून ठेवलंच होतं. संक्रांतीच्या दिवशी काकूंनी मॉनिटरचं घड्याळ दोन तास पुढे लावलं.

झालं. दारातल्या कडुनिंबाच्या शेंड्यावर ऊन असतानाच मॉनिटर ‘आठ’ म्हणायला लागला. अण्णा दशमी आणि दूध घ्यायचे, काकू ‘हो’ दाबायच्या, पंप समाधानी. भोंगा नाही, सन्मतीचा फोन नाही, नियमाला धक्का नाही. ह्यात खोटं ते काय, असं काकू मनाशी म्हणायच्या. माणसाशी थोडीच खोटं बोलले मी. यंत्राला दिवस काय आणि रात्र काय.

मग हा उन्हाळा आला. पारा असा चढला की जुन्या माणसांनीही हात टेकले. कंपनीनं कळवलं की जुन्या प्रोग्रॅममध्ये एक दोष सापडला आहे. सतत घाम आला की पंप रक्तातली साखर आहे त्याहून जास्त वाचतो आणि जादा इन्सुलिन सोडतो. झोपेत असं झालं तर जिवावर बेतू शकतं. सगळ्यांनी अपडेट ताबडतोब घ्यावं.

फरीदा येणार म्हटल्यावर काकूंनी घड्याळ गुपचूप मागं घेऊन बरोबर केलं होतं. अगदी मिनिटावर. म्हणूनच त्यांना कळेना, की सही का पटत नाही. घड्याळ तर बरोबर आहे. म्हणजे खोट दुसरीकडेच कुठंतरी असणार, आपल्यामुळे काही नाही. ती समजूत त्यांनी घट्ट धरली. फरीदाची स्कूटर कोपऱ्यावर वळली, तसं त्यांनी घड्याळ पुन्हा दोन तास पुढे केलं, कारण संध्याकाळ व्हायला आली होती.

दिवेलागणीलाच फरीदाचा फोन आला.

“काकू, माझी किल्ली गोठवली ओ कंपनीनं.”

“म्हणजे?”

“एका पंपानं तीनदा सही परत केली की त्यांना वाटतं, मेकॅनिकची किल्ली चोरीला गेली, नाहीतर तिनंच कुणाला दिली. आता चौकशी होईपर्यंत माझी सही कुठंच चालणार नाही. उदगाव राहिलंय, कोथळी राहिलंय, नांदणीत अजून कितीतरी पंप राहिलेत. दुसरा मेकॅनिक कधी येतोय कुणास ठाऊक.” ती थांबली. “तुमच्या अण्णांना रात्री जपा. पंखा चालू ठेवा, घाम येऊ देऊ नका.”

आता सांगावं. काकूंनी तोंड उघडलंही. पण घड्याळ बरोबर होतं ना तेव्हा, असं आतून कुणीतरी म्हणालं.

“जपते गं,” त्या म्हणाल्या. “तूही काळजी करू नकोस. सगळं नीट होईल.”

फोन ठेवल्यावर अण्णांनी विचारलं, “फरीदा होती?”

“हो. तिची किल्ली काढून घेतली म्हणे.”

“का?”

“काय माहीत.”

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी जपाची माळ हातात घेतली आणि डोळे मिटले.

मंदिराच्या मागच्या सभागृहात दुपारी बायकांचा स्वाध्याय असे. काकू शिकवायच्या. आवाज बारीक, पण बायका कान देऊन ऐकायच्या, कारण काकू बोलतात तसंच वागतात, असं सगळ्यांचं म्हणणं. पाच अणुव्रतं चालू होती. त्या दिवशी क्रमानं सत्यव्रताचे अतिचार आले. अतिचार म्हणजे व्रत उघड न मोडताही त्याला लागणारे डाग.

“कूटलेखक्रिया,” काकूंनी सांगितलं. “जे घडलं नाही ते घडलं असं दाखवणारी खोटी नोंद करणं.”

“म्हणजे त्या मुलाण्याच्या फरीदानं केलं तसं का, काकू?” सरोजक्कांनी मागून विचारलं. त्यांचं तोंड असं की बोलून गेल्यावरच त्यांना कळायचं. “खोट्या सहीचं?”

“तिची किल्लीच काढून घेतली म्हणं.”

“विकली असंल कुणाला तरी. आजकाल काय सांगता येतंय.”

काकूंनी समोरची पोथी जवळ ओढली.

“चौकशी व्हायची आहे अजून,” त्या म्हणाल्या. “आपण कशाला बोलायचं.”

“बघा गं,” सरोजक्का बाकीच्यांकडे वळल्या. “दुसऱ्याविषयी वावगा शब्द नाही कधी तोंडात. शिका जरा.”

सगळ्यांनी कौतुकानं मान हलवली. काकूंनी समोरचं पान उलटलं, आणि ते उलटं धरल्याचं त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

त्यानंतरची पहाट. काकू नेहमीप्रमाणे उजाडायच्या आत सामायिकाला बसल्या होत्या. वीज गेली होती आणि पंखा थांबला होता, ध्यानात त्यांना ते जाणवलं नव्हतं. जाणवलं ते आतल्या खोलीतून आलेल्या आवाजानं. तांब्या पडला होता.

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते. बनियन अंगाला चिकटलेलं, हात थरथरत होते, डोळे उघडे पण कुठं तरी लांब. आणि ते घोषणा देत होते, स्टँडवर द्यायचे तशी, फक्त आवाज पाण्यातून आल्यासारखा.

“कुरुंदवाड... कुरुंदवाडची गाडी... प्रवाशांनी कृपया...”

पोटावरचा दिवा हिरवाच होता. पंपाच्या लेखी सगळं ठीक चाललं होतं.

साखर उतरली की काय करायचं, हे काकूंना पाठ होतं. त्या धावत गेल्या, फळीवरचा साखरेचा डबा काढला, मूठभर साखर घेतली आणि परत आल्या. अण्णांच्या तोंडाशी हात नेला.

आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली.

बाहेर अजून अंधार होता. पूर्वेला नुसतं करडं झालं होतं.

हात तिथंच थांबला. किती वेळ, हे त्यांना पुढं कधी नीट आठवलं नाही. एक श्वास असेल, दोन असतील. पण थांबला.

“सुटली,” अण्णा पुटपुटले. “गाडी सुटली.”

काकूंनी साखर त्यांच्या तोंडात कोंबली. गालावर सांडली, मानेवर सांडली. पुन्हा एक मूठ. पंप उखडून काढला. हळूहळू थरथर उतरली. अण्णांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी आधी काकूंच्या चिकट हाताकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

ऊन पडल्यावर शेजारच्या सुनेला अण्णांपाशी बसवून काकू बाहेर पडल्या. पायांना सवय होती मंदिराकडे वळायची. त्या दिवशी त्या स्टँडमागच्या गल्लीकडे वळल्या. लग्न होऊन ह्या गावात आल्यापासून धडधाकट असताना दर्शन चुकण्याची ती पहिली वेळ.

फरीदा अंगणात कपडे वाळत घालत होती.

“काकू? अण्णा बरे आहेत न्हवं?”

“बरे आहेत.” काकू फाटकातच उभ्या राहिल्या. “फरीदा, घड्याळाला मी हात लावला होता.”

फरीदाच्या हातातला ओला सदरा तसाच राहिला.

“संक्रांतीपासून. दोन तास पुढे ठेवायची. दिवस असतानाच ह्यांचं खाणं उरकावं म्हणून. तू येणार असलीस की बरोबर करायची, तू गेलीस की पुन्हा पुढं.”

“मी विचारलं होतं की ओ तुम्हाला.” फरीदाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तोंडावर विचारलं होतं.”

“हो.”

“दुसरं कुणी असतं ना, तर मी पुन्हा विचारलं असतं. पंपाला वायर लावून आत बघितलं असतं. लोक खोटं बोलतात, आम्हाला शिकवलेलंच असतंय तसं. तुम्ही नाही म्हणालात आणि मी तो रस्ताच सोडून दिला. राजमतीकाकू म्हणतात म्हणजे नसणारच. रात्रभर माझ्याच किल्लीवर संशय घेत बसले मी!”

काकू पायरीवर बसल्या.

“पण तू बघितलंस तेव्हा घड्याळ बरोबर होतं गं,” त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना स्वतःच्या आवाजातली ती समजूत ऐकू आली, किती दिवस धरून ठेवलेली.

“वरचं.” फरीदानं सदरा बादलीत टाकला. “पंपाला घड्याळं दोन असतात, काकू. वरचं तुमच्या डोळ्यांसाठी. आत एक असतंय, ते दिसत नाही. सही ताजी का शिळी, हे त्या आतल्या घड्याळावर ठरतंय. वरचं पुढं नेलं की आतलं त्याच्या बरोबरीला पुढं जातंय. पण वरचं मागं आणलं तरी आतलं मागं येत नाही. ते आहे तिथनंच पुढं चालत राहतंय. मुद्दामच तसं केलंय. नाहीतर चोरांनी घड्याळ मागं फिरवून जुन्या सह्या पुन्हा ताज्या केल्या असत्या. मी तुमच्या सोप्यात बसून सही केली, ती तुमच्या पंपाला दोन तासांपूर्वीची दिसली. मर्यादा संपलेली.”

काकू बादलीतल्या पाण्याकडे बघत होत्या.

“आणि आणखी एक ऐका. पहाटेचं इन्सुलिन वाढवायची वेळ पंपाला ठरवून दिलेली असती. ती पण दोन तास आधी यायची तुमच्याकडं. आधीच घामानं चुकीचं वाचतोय, त्यात हे.” तिनं काकूंकडे बघितलं. “झालं का काही?”

“आज पहाटे.”

“या अल्लाह.”

फरीदानं बादली बाजूला सरकवली. मग फरीदा म्हणाली, “कोथळीच्या चौगुले आजोबांना काल मिरजेला हलवलं. तेही जुन्याच प्रोग्रॅमवर होते. तुमच्यानंतर दुसऱ्या दिवशी त्यांचाच नंबर होता.”

“कसे आहेत?” काकूंनी विचारलं.

“शुद्धीवर आलेत.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. फरीदानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. पाणी आणून दिलं नाही. ती ओढणी बांधून दप्तर घेऊन आली.

“चला. आतलं घड्याळ दुरुस्त करायला वेगळी सही लागती, कंपनीतनं. किती फरक आहे आणि तो कसा पडला, हे घरच्या माणसानं स्वतः सांगायला लागतंय. आवाज नोंदवून घेतात. सन्मतीलाही जाईल ते, त्याचं नाव आहे त्यांच्याकडं.”

“जाऊ दे,” काकू म्हणाल्या.

कंपनीतून बोलणारी मुलगी लहान असावी. आवाज गोड होता, मागं बऱ्याच फोनांची कुजबुज होती. सोप्यात अण्णा जाजमावर पडले होते, पंप पुन्हा चिकटवलेला, आणि फरीदा वायर धरून बसली होती.

“वेळेत किती बदल केला होता, आजी?”

“दोन तास. पुढे.”

“कारण काय लिहू? प्रवास, बिघाड की चुकून?” उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, “बहुतेकांचं चुकूनच होतं. चुकून लिहिते, चालेल ना?”

किती सोपं होतं. मुलीनं दार उघडून धरलं होतं. फरीदानं वर बघितलं. अण्णांनी छताकडे बघायचं सोडून मान वळवली.

“चुकून नाही,” काकू म्हणाल्या. “जाणून केलं. आणि मेकॅनिकनं विचारलं तेव्हा तिला खोटं सांगितलं. तिची सही बरोबर होती. हेही लिहा.”

पलीकडून कळांची टकटक ऐकू आली. “असा पर्याय नाही हो इथं,” मुलगी म्हणाली. “पण शेरा म्हणून घालते.”

दुरुस्तीची सही आली. मॉनिटर एकदा काळा झाला, पुन्हा उजळला. फरीदाची किल्ली अजून सुटली नव्हती, म्हणून कंपनीनं मेकॅनिकची सहीही तिकडूनच पाठवली. अपडेटची पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. ‘सही पटली. अपडेट पूर्ण.’

“पटली एकदाची,” अण्णा म्हणाले. कुणी हसलं नाही.

फरीदानं वायर गुंडाळली. एरवी ती निघताना “येते हं काकू” म्हणायची आणि काकूंच्या हातचं गाळलेलं पाणी पिऊन जायची. आज काकू तांब्या घेऊन उभ्या होत्या.

“उशीर झालाय,” फरीदा म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

दुपारी काकू स्वाध्यायाला गेल्या. पण पाटावर बसल्या नाहीत, खाली बायकांत बसल्या आणि बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा कुणाला कुठं बघावं कळत नव्हतं. मग सरोजक्काच म्हणाल्या, “अहो, पण नियमासाठीच केलंत की तुम्ही,” आणि ते सगळ्यांत जास्त झोंबलं.

संध्याकाळी सन्मतीचा फोन आला. त्यानं शेरा वाचला होता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं म्हणाला, “बाबांना दे.”

दिवस मावळला. काकूंनी आपलं ताट ऊन असतानाच उरकलं होतं, चार घास. अण्णांसाठी दूध आणि दशमी झाकून ठेवली होती. घड्याळ आता कुणी हात न लावता चालत होतं, म्हणून अंधार झाला तरी भोंगा वाजेना. कडुनिंब दिसेनासा झाला. समोरच्या घरात दिवे लागले.

आठला भोंगा वाजला.

काकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, कॉक उघडला आणि गॅस पेटवला. स्वतःच्या स्वयंपाकघरात, अंधारात, निळी ज्योत त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दूध कोमट केलं, दशमी कुस्करून वाटीत घातली आणि अण्णांसमोर ठेवली.

“तुझा नियम?” अण्णांनी विचारलं.

“माझ्या पोटापुरता ठेवते. बाकीच्याचं प्रायश्चित्त माताजी नांदणीला आल्या की विचारीन.”

अण्णा दोन घास खाऊन थांबले.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“अगं, सारा जन्म घड्याळ बघून गाड्या सोडल्या मी. भिंतीवर ऊन आहे आणि हा डबा आठ वाजले म्हणतोय, एवढं कळणार नाही मला?”

काकूंचा हात पदरात थांबला. “मग बोलला का नाही?”

“म्हटलं, तुझा नियम आहे. माझं काय, थोडं आधी खाल्लं काय आणि नंतर खाल्लं काय.” त्यांनी वाटी फिरवली. “फरीदानं विचारलं तेव्हा वाटलं, आता सांगशील. नाही सांगितलंस. तिचा फोन आला तेव्हा वाटलं, आता तरी सांगशील. मीही सांगू शकलो असतो की. पण मी सांगितलं असतं तर ते तुझं राहिलं नसतं. म्हणून मीही थांबलो. ती पोरगी तिकडं भोगत बसली, आणि आपण दोघं इथं एकमेकांची वाट बघत बसलो.”

बाहेरून एक रिकामी एसटी स्टँडकडे गेली, ड्रायव्हरवाचून, आतले सगळे दिवे लागलेली.

“पहाटे,” अण्णा म्हणाले, वाटीकडे बघत, “तू खिडकीकडं बघितलंस.”

नाही म्हणता आलं असतं. ते शुद्धीत नव्हते, अर्धवट काही तरी दिसलं असेल, असं म्हणता आलं असतं.

“हो,” काकू म्हणाल्या. “उजाडलं का ते बघत होते.”

अण्णांनी मान हलवली. दूध संपवलं. मॉनिटरवर स्वतःच ‘हो’ दाबलं आणि सवयीनं मनगट वर करून दोन्ही घड्याळं ताडून बघितली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

काकूंनी वाटी उचलली आणि मोरीवर नेली. दिव्याच्या बटणाकडे हात गेला होता, तो त्यांनी मागं घेतला. अण्णा मागोमाग येऊन दारात उभे होते. दिवा लावला असता तर त्यांना काकूंचा चेहरा दिसला असता. त्या अंधारातच वाटी घासत राहिल्या, ती स्वच्छ झाल्यावरसुद्धा.